अल्पसंख्याक समाजांतील स्त्रिया आणि कौटुंबिक कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातील मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी स्त्रियांनी घटस्फोट, पोटगी, वारसा आणि प्रार्थनास्थळातील प्रवेश यांसाठी जो दीर्घ लढा दिला, त्याविषयी वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मुस्लिम स्त्रियांच्या लढ्याला येथे अधिक जागा मिळाली आहे, कारण त्याची सार्वजनिक चर्चा सर्वाधिक झाली आणि तिच्यात गैरसमजही सर्वाधिक शिरले.

हा लढा नेमका कोणाविरुद्ध होता?

एका वाक्यात सांगायचे तर, तो एकाच वेळी दोघांशी होता. आपल्या समाजातील जे पुढारी स्त्रीची तक्रार म्हणजे धर्मावरचा हल्ला मानत होते, त्यांना तिला तोंड द्यावे लागले. आणि समाजाबाहेरचे जे लोक तिच्या तक्रारीचा उपयोग तिच्याच समाजाला हिणवण्यासाठी करत होते, त्यांच्यापासूनही तिला स्वतःला जपावे लागले. एखाद्या स्त्रीने मागितलेली गोष्ट बहुतेक वेळा अगदी ठोस असे: महिन्याची पोटगी, वडिलांच्या घरातला वाटा, आईवडिलांच्या अंत्यविधीला हजर राहण्याची मुभा. त्या मागणीचे रूपांतर समाजाच्या अस्मितेच्या प्रश्नात झाले की मूळ मागणी आणि ती करणारी स्त्री, दोघीही बाजूला पडत. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे.

या लढ्याची सुरुवात शाहबानो प्रकरणापासून झाली ना?

नाही. न्यायालयीन नोंदी पाहिल्या तर आपल्याला निदान 1847 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजांतील मुलींनी, कुराणानुसार आपल्याला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळायला हवा, असा दावा केला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी तो फेटाळला. या जमाती मुस्लिम असल्या तरी वारशाच्या बाबतीत त्यांच्यात हिंदूंसारखी वहिवाट चालत आली आहे, त्या वहिवाटीत मुलींना वाटा नाही, आणि वहिवाट सिद्ध झाली की ती धर्मग्रंथापेक्षा वरचढ ठरते, असा त्या निकालाचा आशय होता.

या खटल्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते, कारण येथे मुली धर्माचा आधार घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा पराभव वहिवाटीने व वसाहतकालीन न्यायालयाने केला. ‘एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला स्त्रीचे हक्क’ अशी सरळ मांडणी या इतिहासाला लागू पडत नाही, हे पहिल्याच प्रकरणात दिसते. पुढे 1937 च्या शरियत कायद्याने मुस्लिमांपुरती वहिवाट दूर सारून वारसा, विवाह, घटस्फोट, मेहर (विवाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम) इत्यादी बाबींत शरियत लागू केली, तेव्हा मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण हक्काचा वाटा मिळाला. मात्र शेतजमीन त्या कायद्यातून वगळण्यात आली. बहुतांश कुटुंबांची मालमत्ता म्हणजे शेतजमीनच होती, हे लक्षात घेतले तर या अपवादाचे वजन कळते.

धर्माप्रमाणे वेगवेगळे कौटुंबिक कायदे मुळात आले कोठून?

वॉरन हेस्टिंग्जच्या 1772 च्या योजनेत वारसा, विवाह आणि तत्सम बाबींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे व मुस्लिमांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा, असे तत्त्व स्वीकारले गेले. त्यानंतर एकेका समाजासाठी वेगळे कायदे झाले: पारशांसाठी विवाह आणि वारशाचे कायदे 1865 मध्ये, ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा 1869 मध्ये आणि विवाहाचा 1872 मध्ये. हे कायदे प्राचीन काळापासून जसेच्या तसे चालत आले, ही समजूत चुकीची आहे. त्यांतील बराच भाग इंग्रजी अमदानीत न्यायाधीशांनी, भाषांतरकारांनी आणि त्या त्या समाजातील प्रतिष्ठित पुरुषांनी मिळून घडवलेला आहे.

संविधानाने समानता दिल्यावर हे कायदे टिकले कसे?

संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत 1947 मध्ये हा प्रश्न आला होता. समान नागरी कायदा मूलभूत हक्कांत असावा, असे मिनू मसानी, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांचे मत होते, पण ते अल्पमतात गेले. यांपैकी मसानी पारशी होते आणि अमृत कौर ख्रिस्ती, ही गोष्ट आजच्या वादात सहसा कोणी सांगत नाही. शेवटी तो विषय न्यायालयातून अमलात आणता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, आजच्या अनुच्छेद 44 मध्ये, ठेवला गेला.

न्यायालयाचा दरवाजाही लवकरच अर्धवट मिटला. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा केला होता. मुस्लिमांना ही बंदी नसताना आम्हालाच का, अशा आशयाची हरकत घेऊन त्याला आव्हान देण्यात आले. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या पीठाने 1951 मध्ये, नरसू आप्पा माळी खटल्यात, तो कायदा वैध ठरवला. स्त्रियांच्या दृष्टीने निकाल चांगलाच होता. परंतु तो देताना, व्यक्तिगत कायदे, म्हणजे धर्माप्रमाणे वेगवेगळे असलेले कौटुंबिक कायदे, हे संविधानाच्या अनुच्छेद 13 मधील ‘कायदे’ या संज्ञेत येत नाहीत, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते तपासता येत नाहीत, असे म्हटले गेले. एका समाजातील स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या निकालातील हे विधान पुढे साठ-पासष्ट वर्षे दुसऱ्या समाजांतील स्त्रियांच्या वाटेत आडवे येत राहिले.

मग हा प्रश्न फक्त अल्पसंख्याक समाजांचाच आहे का?

मुळीच नाही. मुंबईतील रखमाबाईंवर 1884 मध्ये त्यांच्या पतीने, नांदायला यावे म्हणून, दावा लावला. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी मान्य केले नाही. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. 1955-56 मध्ये तुकड्यातुकड्यांनी संमत झालेले ते कायदे बौद्ध, जैन आणि शीख समाजांनाही लागू करण्यात आले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला. बहुसंख्य समाजातील सुधारणा पूर्ण झाली आणि अल्पसंख्याक तेवढे मागे राहिले, असे चित्र रंगवणाऱ्यांनी ही सनावळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्क कधी मिळाला?

खुला, म्हणजे पतीच्या संमतीने स्त्रीने घेतलेला घटस्फोट, ही तरतूद जुनीच आहे. मात्र पती संमती देत नसेल, तर भारतातील बहुतेक सुन्नी मुस्लिम पाळतात त्या हनफी पंथाच्या प्रचलित अर्थानुसार स्त्रीला जवळजवळ वाट उरत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशेषतः पंजाबात, काही स्त्रियांनी विवाहातून सुटका करून घेण्यासाठी धर्म सोडल्याचे जाहीर केले, कारण धर्मत्यागाने विवाह आपोआप संपुष्टात येतो, असे न्यायालये मानत असत. ही गोष्ट उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, फार झोंबली. देवबंद परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मतांचा आधार घेऊन स्त्रीला न्यायालयीन घटस्फोट देता येईल, अशी मांडणी केली.

त्यातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे त्याने पालनपोषण न करणे, त्याला सात वर्षांची कैद होणे, त्याची क्रूर वागणूक, अशी अनेक कारणे त्यात स्त्रीला उपलब्ध झाली. पंधरा वर्षांच्या आत लावून दिलेला विवाह, शरीरसंबंध आलेला नसेल तर, अठरा पूर्ण होण्याआधी नाकारण्याचा हक्कही मिळाला. हिंदू स्त्रीला देशभर लागू होणारा घटस्फोटाचा कायदा यानंतर सोळा वर्षांनी, 1955 मध्ये, मिळाला. त्याच 1939 च्या कायद्यात, केवळ धर्म सोडल्याने विवाह संपणार नाही, असेही कलम घालण्यात आले. म्हणजे स्त्रियांनी शोधलेली पळवाट बुजवण्यासाठी त्यांना एक सरळ रस्ता बांधून दिला गेला. सुधारणा कशाच्या पोटी आली, हे कळल्याने तिचे मोल कमी होत नाही. परंतु उलेमांनी ती केवळ उदारपणे दिली, असे म्हणण्याचेही कारण नाही.

1966 चा मोर्चा का महत्त्वाचा मानला जातो?

18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी एकतर्फी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा आणि सर्वांसाठी समान नागरी कायदा आणा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हा मोर्चा चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाई यांनी संघटित केला होता. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा त्या सात जणींमध्ये होत्या. सात ही संख्या ऐकून आज कोणी हसेल, पण घराबाहेर पडून आपल्याच समाजाच्या रूढीविरुद्ध फलक धरणे म्हणजे नातेवाईक, शेजार आणि मोहल्ला यांच्याशी एकदम वैर पत्करणे होते. हजारोंच्या मोर्चात माणसाला गर्दीचा आडोसा असतो. या सात जणींना तो नव्हता.

दलवाई यांनी 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेशी नाते सांगणारे हे नाव विचारपूर्वक घेतलेले होते. तलाकपीडित स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकणे, त्यांना कायदेशीर मदत मिळवून देणे आणि त्यांच्या परिषदा भरवणे, हे मंडळाचे खरे काम होते. दलवाई 1977 मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गेले. त्यानंतर मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतर कार्यकर्त्यांनी ते काम चालू ठेवले. दलवाई यांच्या भाषणांवर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने मंडळाच्या दारी आलेल्या स्त्रियांच्या तक्रारींचा अभ्यास फारच थोडा झाला, ही उणीव खटकते.

दलवाई यांच्या मार्गाला पुरोगाम्यांचाही आक्षेप होता का?

होता. दलवाई यांची भूमिका स्वच्छ धर्मनिरपेक्ष होती आणि ते धर्मग्रंथाच्या नव्या अर्थावर विसंबून नव्हते. धर्माच्या चौकटीतूनच सुधारणा मागावी, असे मानणाऱ्यांना हा मार्ग एकाकी वाटला. पुढे दोन्ही मार्गांनी काम झाले. मुंबईच्या शहनाज शेख यांनी 1983 मध्ये मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील स्त्रीविरोधी तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या पुढाकाराने ‘आवाज-ए-निस्वाँ’ हा गट उभा राहिला. जळगावात मुस्लिम स्त्रियांना चित्रपटगृहात जाण्यास घातलेल्या बंदीविरुद्ध रझिया पटेल यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झुंज दिली. दुसरीकडे 2007 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराणातील न्यायाच्या तत्त्वांचा आधार घेतला. यांतील एक मार्ग खरा आणि दुसरा खोटा, असे ठरवण्याची घाई वाचकाने करू नये.

शाहबानो प्रकरण नेमके काय होते?

इंदूरच्या शाहबानो यांचा विवाह 1932 मध्ये मोहम्मद अहमद खान या वकिलाशी झाला. त्यांना पाच मुले झाली. 1975 मध्ये पतीने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल 1978 मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगीचा अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पतीने तलाक दिला आणि मेहरचे 3,000 रुपये भरून आपली जबाबदारी संपल्याचे सांगितले. दंडाधिकाऱ्याने 1979 मध्ये पोटगी ठरवली ती महिना 25 रुपये. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती 179 रुपये 20 पैसे केली. या रकमेविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेला.

23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळले. कलम 125 सर्व धर्मीयांना लागू आहे, असे त्यांनी सांगितले. निर्णय एवढ्यावरच थांबला असता, तर कदाचित तो कायद्याच्या नियतकालिकांपुरता राहिला असता. कारण अशाच आशयाचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वीही दिले होते आणि त्यांवर दंगा झाला नव्हता. परंतु निकालपत्रात कुराणातील आयतांचा अर्थ लावण्यात आला आणि समान नागरी कायदा न आणल्याबद्दल खंतही व्यक्त झाली. त्यामुळे हा समाजाच्या अंतर्गत बाबींतील हस्तक्षेप आहे, असा प्रचार करणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले.

त्यानंतरचे वर्ष विलक्षण तणावाचे होते. देशभर निकालाविरुद्ध मोर्चे निघाले. महाराष्ट्रात मात्र मुस्लिम सत्यशोधक मंडळाने नोव्हेंबर 1985 मध्ये कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा काढला आणि त्याला वाटेत विरोध सोसावा लागला. खुद्द शाहबानो यांनी दडपणाखाली, हा निकाल आपल्याला मान्य नाही, असे जाहीर केले. लोकसभेत निकालाची बाजू मांडणारे मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी सरकारने भूमिका बदलल्यावर फेब्रुवारी 1986 मध्ये राजीनामा दिला. मे 1986 मध्ये राजीव गांधी सरकारने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. शहनाज शेख यांनी आपली याचिकाही पुढे मागे घेतली, कारण तिचा वापर समाजाविरुद्ध होईल, अशी परिस्थिती निर्माण झाली होती. सत्तरीच्या एका वृद्धेला मंजूर झालेले महिन्याचे 179 रुपये या सगळ्या धुमाळीत कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

1986 च्या कायद्याने पोटगी बंदच झाली ना?

ही सर्वांत सर्रास आढळणारी चुकीची समजूत आहे. त्या कायद्यात, पतीने इद्दतच्या काळात (घटस्फोटानंतर पुनर्विवाहापूर्वी स्त्रीने थांबायच्या सुमारे तीन महिन्यांत) पत्नीसाठी ‘वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाह’ करावा, असे शब्द होते. शाहबानो यांचेच वकील राहिलेले डॅनियल लतीफी यांनी या कायद्याला आव्हान दिले. सप्टेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण त्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या मुदतीत पतीने स्त्रीच्या पुढील संपूर्ण आयुष्याची तरतूद करून द्यायची. म्हणजे जी पोटगी महिन्यामहिन्याने मिळाली असती, ती एकरकमी मिळू लागली. मुंबईसह काही उच्च न्यायालयांनी त्याआधीच असे निकाल देण्यास सुरुवात केली होती. हिंदुत्ववादी आणि मौलवी या दोन्ही गोटांनी हा कायदा स्त्रीविरोधी म्हणून किंवा समाजाचा विजय म्हणून मिरवला. कनिष्ठ न्यायालयांतील वकील मात्र त्याचा उपयोग करून स्त्रियांना लाखो रुपयांची भरपाई मिळवून देत होते.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम 125 चा मार्गही खुला आहे, असे पुन्हा स्पष्ट केले.

तीन तलाक 2017 मध्ये बेकायदा ठरला, की त्याआधीच?

तीन तलाक म्हणजे पतीने एकाच वेळी तीनदा ‘तलाक’ म्हणून विवाह तत्काळ संपवणे. त्याविषयी दोन्ही म्हणता येईल. मे 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने, तलाकला वाजवी कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि या गोष्टी न्यायालयात सिद्ध कराव्या लागतील, असा निर्णय दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात हेच सूत्र मान्य केले. म्हणजे एका दमात उच्चारलेला तलाक न्यायालयात टिकणे 2002 नंतर अवघडच होते. अडचण अशी की ज्या स्त्रीला तलाकनामा मिळतो ती न्यायालयात क्वचितच पोहोचते. तिच्या दृष्टीने कायदा म्हणजे काझी जे सांगतो ते.

उत्तराखंडमधील काशीपूरच्या सायरा बानो यांना ऑक्टोबर 2015 मध्ये पतीने टपालाने तलाक पाठवला आणि त्यांनी 2016 मध्ये याचिका केली. 22 ऑगस्ट 2017 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तात्काळ तिहेरी तलाक रद्द केला. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि उदय लळित यांनी तो मनमानी असल्याने समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला, तर न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी, जे कुराणाला मंजूर नाही ते शरियतलाही मंजूर असू शकत नाही, या कारणाने. धर्मनिरपेक्ष आणि धर्मांतर्गत या दोन्ही युक्तिवादांची गरज पडली तेव्हा बहुमत झाले. पीठावर पाच वेगवेगळ्या धर्मांत जन्मलेले पाच न्यायमूर्ती होते. स्त्री एकही नव्हती.

तीन तलाक देणे गुन्हा ठरवणाऱ्या 2019 च्या कायद्याला मुस्लिम स्त्रियांच्याच काही संघटनांनी विरोध का केला?

कारण निकालानुसार तीन तलाकने विवाह संपतच नाही. मग जे घडलेच नाही त्यासाठी पतीला तीन वर्षांपर्यंत कैद कशासाठी, असा प्रश्न होता. पती तुरुंगात गेल्यावर पत्नी आणि मुलांच्या खर्चाचे काय, हा दुसरा. इतर धर्मांत पत्नीला टाकून देणे हा केवळ दिवाणी वाद असताना एकाच समाजातील पुरुषाला त्यासाठी गुन्हेगार ठरवणे पक्षपाती आहे, असा तिसरा आक्षेप होता. मुंबईतील ‘बेबाक कलेक्टिव्ह’ने ही बाजू मांडली. याउलट भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाला कायद्याची धाक म्हणून गरज वाटत होती. निर्वाहभत्ता, मुलांचा ताबा आणि पत्नीच्या इच्छेने तडजोड या तरतुदी कायद्यात आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. तरीही पहिला आक्षेप आमच्या मते अद्याप अनुत्तरित आहे.

ख्रिस्ती स्त्रियांच्या लढ्याची चर्चा इतकी कमी का होते?

कारण त्यातून दंगे झाले नाहीत, असे कडवट उत्तर द्यावे लागेल. त्रावणकोरच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे, वडील मृत्युपत्र न करता वारले तर मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा 5,000 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. आणि लग्नात स्त्रीधन दिले असेल तर तेही नाही. कोट्टायमच्या शिक्षिका मेरी रॉय यांनी याला आव्हान दिले. फेब्रुवारी 1986 मध्ये, म्हणजे शाहबानो वाद शिगेला असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने तेथे 1951 पासूनच भारतीय वारसा कायदा लागू असल्याचे सांगून मुलींना समान वाटा दिला. त्यावर समाजातून आणि चर्चच्या वर्तुळातून कडक प्रतिक्रिया उमटली आणि मुलींना वगळणारी मृत्युपत्रे करण्याकडे कल वाढला. मेरी रॉय यांना स्वतःच्या वाट्याचा प्रत्यक्ष ताबा मिळायला आणखी दोन दशकांहून अधिक काळ लागला.

घटस्फोटाचे तर विचारूच नये. 1869 च्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे, आणि जिल्हा न्यायालयाच्या हुकुमाला उच्च न्यायालयाची मंजुरीही लागत असे. केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये यातील भेदभावावर घाव घातल्यानंतर, 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. खुद्द इंग्लंडने ही विषमता 1923 मध्येच दूर केली होती.

पारशी समाज तर सुधारलेला. तेथे काय प्रश्न होता?

1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीच्या निमित्ताने पारशी कोण, हा प्रश्न आला. पारशी पित्याची, परधर्मीय मातेपासून झालेली आणि विधिपूर्वक दीक्षा घेतलेली संतती पारशी मानावी, असे मत तेथे नोंदले गेले. पारशी मातेच्या संततीला मात्र तो लाभ मिळाला नाही. वारशात मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा, हा नियम वडिलांच्या मालमत्तेबाबत 1991 पर्यंत टिकला. गुलरुख गुप्ता यांनी हिंदू पुरुषाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले होते; वलसाडच्या अंजुमनने, म्हणजे तेथील पारशी समाजाच्या संस्थेने, आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. गुजरात उच्च न्यायालयाने 2012 मध्ये, विवाहाने स्त्री पतीच्या धर्माची होते, असे धरून ती नाकारली. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अंजुमनने त्यांना मुभा दिली; तत्त्वाचा प्रश्न पुढे शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या प्रकरणाबरोबर मोठ्या पीठाकडे गेला.

हाजी अली दर्ग्यात स्त्रियांना पूर्वीपासून बंदी होती का?

नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण बोलके आहे. मजारीपर्यंत, म्हणजे आतल्या कबरीपर्यंत, पूर्वी स्त्रिया जात असत. 2012 च्या सुमारास तेथे अडवणूक होते आहे, हे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झाकिया सोमण यांच्या लक्षात आले. 26 ऑगस्ट 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि नोव्हेंबरात स्त्रिया आत गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर याच न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या संदर्भात स्त्रियांच्या बाजूने भूमिका घेतली होती. रूढी प्राचीन असल्याचा दावा होतो, तेव्हा ती खरेच किती जुनी आहे, हे आधी विचारावे.

गोव्यात समान नागरी कायदा आहे, तो देशाला आदर्श नाही का?

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग 1961 नंतरही गोव्यात चालू राहिला. विवाहाची सक्तीची नोंदणी, वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असणे आणि निम्मी मालमत्ता मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांसाठी राखीव असणे, या तरतुदी खरोखर मोलाच्या आहेत. तथापि सामाईक मालमत्तेचा कारभार प्रामुख्याने पतीच्या हाती आहे, कॅथलिकांना चर्चमधील विवाहासाठी वेगळी पद्धत आहे, आणि 1880 च्या हुकुमात हिंदू पुरुषाला, पत्नीला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा न झाल्यास, दुसऱ्या विवाहाची सवलत होती. ती सवलत आता व्यवहारात निरुपयोगी झाली असली, तरी समान म्हणजे आपोआप न्याय्य, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मुस्लिम कुटुंबाला मुलींना पूर्ण वाटा द्यायचा असेल, तर आज काय करता येते?

मुस्लिम कायद्यानुसार मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता, वारसांच्या संमतीशिवाय, देता येत नाही. मुलगा नसेल तर एकट्या मुलीला निम्मा आणि दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन तृतीयांश वाटा मिळतो. पत्नीसारख्या ठरावीक वारसांचे भाग वगळता उरलेले भावांसारख्या नातेवाईकांकडे जाऊ शकते. हयातीत बक्षीसपत्र करणे हा एक मार्ग आहे, पण हिब्यात, म्हणजे मुस्लिम कायद्याखालील अशा बक्षिसात, ताबा लगेच सोडावा लागतो. दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, 1954 याचा आहे: आधी निकाह झालेले दांपत्यही तीस दिवसांची नोटीस देऊन आपला विवाह त्याखाली नोंदवू शकते, आणि त्यानंतर त्यांच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा लागू होतो, ज्यात मुलगे आणि मुली समान आहेत. केरळमधील वकील सी. शुक्कूर यांनी 8 मार्च 2023 रोजी आपल्या पत्नीशी याच कायद्याखाली पुन्हा विवाह केला, तो आपल्या तीन मुलींना सगळी मालमत्ता मिळावी म्हणून. नोटीस सूचनाफलकावर लागते आणि कोणीही हरकत घेऊ शकते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी निकाहनामा, दोघांच्या वयाचे दाखले आणि त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असल्याचा पुरावा जवळ ठेवावा.